उपासाला दूध चालतं

४ फेब्रुवारी, रॉटरडॅम
पहाटे जाग आली ती शाळेच्या घंटेने. झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा, त्यावर शिपायाचा हातोडा, मग माझ्यामागून साऱ्या वर्गाने एका सुरात धरलेली कविता. निवृत्त झालो तरी. डोळे उघडले तर खिडकीखालून ट्राम चाललेली.
लेकीला, मुक्ताला, चौथा महिना; तिच्यासाठी महिन्यापूर्वी इथे आलो. थायरॉइड मंद. रोज गोळी घेते, तरी रक्तातला टीएसएचचा आकडा पुन्हा चढला. मागच्या खेपेचं बाळ याच सुमारास गेलं. घरात तो विषय कुणी काढत नाही. मीही...

६ फेब्रु.
सौ.चा साताऱ्याहून रोज फोन. "पोटुशी आहे ती, उपाशी ठेवू नका हं." म्हणून आल्यापासून रोज सकाळी उठल्याउठल्या बदाम घालून दूध देतो. आजही मुक्ताने त्याच घोटाबरोबर गोळी गिळली. "बाबा, 'दूध घे'सुद्धा तुम्ही चालीत म्हणता!" हसली. किती दिवसांनी.
थायरॉइडला मराठीत अवटू. डच लोक म्हणतात ढालग्रंथी. ढाल! मग वार झेल म्हणावं.

९ फेब्रु.
मुक्ताबरोबर हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरबाईंकडे.
"गोळी कशी घेता?"
"उपाशीपोटी."
"नक्की?"
"हो. फक्त दुधाबरोबर."
बाईंनी पेन खाली ठेवलं. मुक्ता सांगू लागली, आमच्यात उपासाला दूध चालतं. "गोळीला नाही चालत." दुधाने औषध अंगी लागत नाही म्हणे. नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, बाकी सगळं तासाभराने. डोस वाढवला. महिन्याने पुन्हा रक्त तपासायचं.
"बाळाला काही...?" मी मराठीतच विचारलं. मुक्ताने भाषांतर केलं नाही.
ट्राममध्ये म्हणाली, "दिलंत तुम्ही, प्यायले मी. आता चेहरा पाडू नका."

१० फेब्रु.
सौ.ला सांगितलं. आधी नवा डोस विचारून घेतला. मग, "दुधानं कधी कुणाचं वाईट होतं का हो?" रडत होती.
जावई माझ्याशी नीट बोलला. फार नीट. तेच लागलं.

१२ मार्च
काल रक्त दिलं. निकाल उद्या फोनवर. मुक्ता म्हणते, बाळ हलल्यासारखं वाटतं, मग वाटतं नाहीच. आता जरा पडलीय.
मन रमवायला कविता म्हणू लागलो. दुसऱ्याच कडव्याला अडलो. जन्मभर पाठ होती.
बेल वाजतेय. इथे वेळ ठरवल्याशिवाय कुणी कुणाच्या दारी येत नाही. वरून पाहिलं. मुक्ताला तपासणारी सुईणबाई. सायकलला कुलूपही लावलेलं नाही. तिची भेट तर पुढच्या आठवड्यात. रक्ताचा निकाल तिलाही कळतो. मला पाहून हात वर केला. हसली का, ते एवढ्या उंचीवरून...