राहून गेलेली सोळा पाने

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अडुसष्ट, धंदा पुस्तकबांधणी, चर्चच्या मंडळीत आणि गल्लीत ‘पुठ्ठेकाका’ म्हणून ओळखला जाणारा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने लिहून ठेवीत आहे. बुद्धी शाबूत आहे; डॉक्टरीणबाईंनी कालच तपासून तसा कागद दिला. हे मी कोणाच्याही धाकाने लिहीत नाही, असेही लिहावे लागते, असे वकील म्हणाले, म्हणून लिहितो. माणसाचा धाक नाही, हे खरे आहे. पण मला भीती वाटते आहे, आणि ती लपवली तर मृत्युपत्राच्या पहिल्याच परिच्छेदात खोटे लिहिल्यासारखे होईल.

येत्या शुक्रवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टरीणबाई म्हणतात, दहातले नऊ जण आपल्या पायांनी घरी जातात. मी तेव्हापासून दहाव्याचाच विचार करतो आहे.

कलम १. राहते घर, म्हणजे कारखान्यामागच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि न लागणारी ती एक खिडकी, माझ्या पत्नीला द्यावे. खिडकी दुरुस्त करतो असे मी तिला लग्न झाल्यापासून सांगत आलो. सुताराला बोलवावे, माझी वाट पाहू नये.

कलम २. बँकेत जे काही असेल तेही पत्नीचेच. मृत्युपत्राची व्यवस्था तिनेच पाहावी. ती कशालाच भीत नाही. एका घरात दोन भित्री माणसे असती तर आमचा संसार झाला नसता.

कलम ३. कारखाना, लोखंडी शिकंजा, पुठ्ठे कापायचे यंत्र, आऱ्या, दाभणे, सरस तापवायचे भांडे, शिवणीची चौकट आणि उरलेले सर्व कातडे व कापड माझ्या धाकट्या भावाला द्यावे. यावर गल्लीत तोंडात बोटे घातली जातील. अकरा वर्षांत आम्ही एकमेकांच्या घराची पायरी चढलेलो नाही. का, ते कलम ५ मध्ये आहे. वकिलांचे म्हणणे पडले की असल्या गोष्टी मृत्युपत्रात लिहीत नाहीत. मी विचारले, मग कुठे लिहितात?

कलम ४. मंडळीच्या चिटणीसांना माझी पितळी पट्टी द्यावी. मंडळीचा मोठा ग्रंथ मी बांधून दिला, त्यानंतर आठवड्याने पाठीवरची सोनेरी अक्षरे तिरकी आली आहेत, असे त्यांनी मला चारचौघांत सुनावले होते. अक्षरे सरळ आहेत, त्यांची मान तिरकी होती. आता त्यांनी स्वतः मोजून पाहावे. मात्र हेही लिहितो, की ते बाहेरचीच अक्षरे पाहत बसले याचे मला त्या दिवशी हायसे वाटले होते. आत पाहिले असते तर माझी सुटका नव्हती.

कलम ५. माझ्या कामाच्या टेबलाला उजवीकडे एक खण आहे. त्याची किल्ली चष्म्याच्या घरात आहे. खणात दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, एक फर्मा आहे; फर्मा म्हणजे एकत्र घडी घालून शिवायचा पानांचा जुडगा, यात सोळा पाने. हा फर्मा माझ्या मालकीचा नाही, त्यामुळे तो मी कोणाला देऊ शकत नाही. तो मंडळीचा आहे.

अकरा वर्षांपूर्वी उपदेशपीठावरचा मोठा ग्रंथ माझ्याकडे दुरुस्तीला आला. शिवण कुजली होती. मी तो सगळा उसवला, एकेक फर्मा साफ केला. हा एक घडीवर फाटला होता. त्याला पातळ कागद खळीने चिकटवून, पुठ्ठ्यांत घालून, वर वजन ठेवून खिडकीत वाळत ठेवला. चार दिवसांनी शिवायला बसलो. धाकटा तेव्हा माझ्याबरोबरच काम करायचा.

तो म्हणाला, “दादा, शिवायच्या आधी फर्मे एकदा मोज.”

मी म्हणालो, “तुझे दुधाचे दात पडले नव्हते तेव्हापासून मी मोजतोय. मला शिकवू नकोस.”

“शिकवत नाहीये. आपला नियमच आहे ना, दोनदा मोजायचं? बाबा मोजायचे.”

“मी एकदा नजर टाकली की मला कळतं.”

“मग माझं इथे काय काम आहे?” तो म्हणाला. मी म्हणालो, “तेच मलाही कळत नाही.” त्याने हातातली आरी टेबलावर ठेवली, हात धुतले आणि निघून गेला. मी मोजले नाही. रागाने भराभर शिवत गेलो, पाठीला सरस लावला, कातडे चढवले. ग्रंथ मंडळीत पोचता झाला. तिसऱ्या दिवशी खिडकीतले वजन उचलले, तर खाली सोळा पाने.

त्याच दिवशी सांगितले असते तर एका दुपारचे काम होते. पण सांगायचे म्हणजे धाकट्याचे खरे होते असे म्हणायचे. मी ठरवले, रविवारी बघू.

त्या रविवारी मंडळीच्या तेव्हाच्या थोरल्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, शास्त्राचे शेवटचे पान वाचायला घेतले. तिथे एक ताकीद आहे. या लिखाणातून कोणी काही काढून टाकले तर त्याचा वाटाही काढून टाकला जाईल, अशा अर्थाची. मी ती याआधी वीस वेळा तरी ऐकली असेन. मी रविवारचा ख्रिस्ती होतो. बाकावर बसून पुढच्या माणसाच्या वहाणांची शिवण बघायचो. त्या दिवशी मात्र एकेक शब्द माझ्याकडे बघून उच्चारल्यासारखा वाटला. ताकीद कोणत्या लिखाणाबद्दल आहे, चुकून राहिलेले आणि मुद्दाम काढलेले यात फरक आहे की नाही, असला शहाणपणा नंतर सुचला. आणि तिसऱ्या दिवसानंतर ते चुकून राहिलेले उरलेच कुठे होते?

घरी आल्यावर खण उघडून ती पाने वाचली. भक्तीने नव्हे. नेमके किती मोठे नुकसान केले आहे, ते बघायला वाचली. मेंढपाळ नव्व्याण्णव मेंढरे सोडून एका हरवलेल्यामागे जातो ते त्यात होते. नाणे शोधण्यासाठी घर झाडणारी बाई होती. घरातून निघून गेलेला धाकटा मुलगा आणि तो परत आल्यावर रागावून अंगणात उभा राहिलेला थोरला, तेही होते. मान वर करायचे धाडस न झालेला, छाती बडवून दया मागणारा जकातदारही त्यातच. म्हणजे माझ्यासारख्याला जे ऐकायला हवे होते, तेच मी मंडळीच्या ग्रंथातून काढून खणात कुलूपबंद केले होते.

तेव्हापासून रोज दुकान उघडले की एक पान वाचत आलो. सोळा दिवसांनी पुन्हा पहिले. आधी माझ्यातली भीतीच ती पाने वाचायची. दोनेक वर्षांनी कधीतरी मी वाचू लागलो. माझ्यात काही बदल झाला असेल तर तो इतका सावकाश झाला, की पत्नीच्याच आधी ध्यानात आला. “हल्ली गिऱ्हाईकावर ओरडत नाही तुम्ही, बरं वाटत नाहीये का?” असे तिने विचारले होते. मग मी बाकीचे शास्त्र विकत आणून वाचले, प्रार्थना करायला शिकलो, वाईट सरस वापरायचे सोडले. पण प्रत्येक प्रार्थना त्या खणापाशी येऊन अडायची. भीती कमी झाली नाही. पूर्वी शिक्षेची होती, नंतर ज्याच्यावर जीव जडला त्याला तोंड दाखवायची झाली. ती जास्त वाईट असते.

आणखी एक गोष्ट. या अकरा वर्षांतली पहिली नऊ वर्षे ही पाने मंडळीत नेमाने वाचली गेली. हरवलेल्या मेंढराचे वाचन आले की मला वाटायचे, आता पाळक पान उलटतील आणि थांबतील. ते कधीच थांबले नाहीत. ती वाचने ते दुसऱ्या कोणाला करू देत नसत, आणि ती करताना चष्मा काढून ठेवत. मला वाटे, वयाने जवळचे दिसत असेल. त्या जागी पाने आहेत तरी की काय, अशीही शंका मला येई. एकदा मी उपदेशपीठापाशी जाऊन ग्रंथ उघडून पाहिला. नव्हती.

दोन वर्षांपूर्वी ते इस्पितळात होते, शेवटचेच. मी दुपारी भेटायला गेलो. त्यांनी मुलीला बाहेर पाठवले आणि म्हणाले, “काय रे, आणलास का फर्मा?”

मी आधी दार लोटून घेतले. म्हणालो, “पाळकसाहेब, तुम्हाला कधीपासून…”

“पहिल्याच महिन्यात कळलं. पान उलटलं तर गोष्टच नाही. सगळी मंडळी समोर, तू तिसऱ्या बाकावर पांढराफटक. मग जेवढं येत होतं तेवढं म्हटलं, आणि घरी जाऊन सोळाच्या सोळा पानं पाठ करायला बसलो. या वयात! बायको म्हणाली, परीक्षा आहे का?”

“मग मला बोलला का नाहीत?”

“म्हटलं, तू सांगशील. तू सांगायच्या आधी दुसऱ्या कोणाला कळू नये, एवढंच माझं काम.” मग ते बराच वेळ खोकले. “आता माझ्याने होणार नाही. शिवून टाक.”

मी हो म्हणालो. आठवड्याने ते गेले. मी शिवले नाही. ग्रंथाची पाठ उघडायची तर चिटणीसांना कारण सांगावे लागणार होते. नवे पाळक मोबाइलवर वाचतात, मोठा ग्रंथ कापडाखाली असतो, कोणाला काही कळणार नव्हते. माझ्यासाठी एका म्हाताऱ्याने नऊ वर्षे ओझे उचलले, आणि त्याला दिलेला शब्द मी सात दिवसही पाळला नाही. हे लिहिताना मी दोनदा लेखणी खाली ठेवली. अक्षर बिघडले असेल तर वकिलांनी त्याचा वेगळा अर्थ काढू नये.

कलम ६. अंत्यविधीला आमच्याकडे मोठ्या ग्रंथातूनच वाचायचा रिवाज आहे. माझ्या वेळी दोन मुलांची गोष्ट वाचावी, अशी माझी इच्छा आहे. ती त्या ग्रंथात नाही, कारण ती माझ्या खणात आहे. म्हणून मी गेल्यावर, विधीच्या आधी, धाकट्याने ग्रंथाची पाठ उघडून फर्मा शिवावा. कारण विचारल्यास हे मृत्युपत्र दाखवावे.

(हे कलम मी स्वतः खोडले आहे. खोडल्याची सही बाजूला केली आहे. कारण पुढे.)

कलम ७. हे बुधवारी लिहीत आहे. वरचे सर्व सोमवारचे.

मंगळवारी सकाळी पत्नीने टेबल पुसता पुसता कच्चा कागद वाचला. कलम ६ पाशी थांबली. “अहो, म्हणजे तुम्ही मेल्यावर त्याने तुमची चूक निस्तरायची? आणि तोवर त्याला एक कप चहासुद्धा नाही?” मी म्हणालो, मला भीती वाटते. ती म्हणाली, “ती तर मेल्यावरही वाटणारच आहे तुम्हाला.” आणि तिने धाकट्याला निरोप धाडला.

तो दुपारी आला. केस पांढरे झाले आहेत त्याचे. मी नुसता खण उघडला. त्याने फर्मा हातात घेतला, घडीवरचा पातळ कागद बोटाने चाचपला. ती दुरुस्ती त्याने लगेच ओळखली.

“दादा,” तो म्हणाला, “अकरा वर्षं मला वाटत होतं, मी उगाच वाद घातला. घरी सगळ्यांना सांगत आलो, चूक माझी होती.”

मी नुकसान मोजत आलो होतो ते सोळा पानांचे. हे मोजलेच नव्हते. मी म्हणालो, “तुझं खरं होतं.” एवढे तीन शब्द. ते बोलताना जी भीती वाटली, तेवढी शुक्रवारची वाटत नाही.

आज सकाळी आम्ही दोघे नव्या पाळकांकडे गेलो. मी सगळे सांगितले. तरुण माणूस, त्यांनी मोबाइल खिशात ठेवला आणि स्वतः ग्रंथ उचलून कारखान्यात आणला. चिटणीसही आले, ते काय काय बोलले ते मी लिहीत नाही, पट्टी मात्र त्यांना द्यावीच. मी खुर्चीत बसलो, हाताला जोर नाही. धाकट्याने कातडे उतरवले, शिवण उसवली, राहिलेला फर्मा त्याच्या जागी घातला. शिवायच्या आधी त्याने फर्मे मोजले; पुरे पंच्याहत्तर हवेत. पंच्याहत्तर.

मी म्हणालो, “परत मोज.”

त्याने माझ्याकडे पाहिले आणि परत मोजले. पंच्याहत्तर.

कलम ८. माझ्या अंत्यविधीचे वाचन, मग तो केव्हाही असो, त्या सोळा पानांतले असावे. वाचणाऱ्याने पाठ म्हणू नये. चष्मा असल्यास लावावा आणि पानावर बघून वाचावे.

भीती गेली असे मी लिहिणार नाही. उद्या इस्पितळात दाखल व्हायचे आहे आणि मी अजून पिशवी भरलेली नाही. तिकडे माझा वाटा राखलेला आहे की नाही, मला ठाऊक नाही. असलाच तर तो मी मिळवलेला नसेल, दिलेला असेल, एवढे अकरा वर्षांत सोळा पानांवरून शिकलो. तेवढ्यावर मी सही करतो.

ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याची साक्ष चालत नाही, असे वकील म्हणतात. म्हणून खाली धाकट्या भावाची सही नाही. तो माझ्या खुर्चीपाशी उभा आहे.

स्थळ: कारखाना, शिवणीच्या चौकटीजवळ
दिनांक: शस्त्रक्रियेच्या आधीचा बुधवार, दुपारी चार

सही: पुठ्ठेकाका

आमच्यादेखत सही केली:
साक्षीदार पहिले: नवे पाळक
साक्षीदार दुसरे: समोरच्या दुकानातले घड्याळजी