पाववाल्याच्या फिल्मचा डबा आणि इतर मालमत्ता यांविषयी

मी, शशिधर तुकाराम रामटेके, वय एकोणऐंशी, मूळ राहणार नागपूर, त्रेपन्न वर्षांपासून मुक्काम मँचेस्टर, निवृत्त हॉस्पिटल पोर्टर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी कर्तव्य नाही, असे वकील रचनाताईंनी सांगितले. माझ्यावर कोणाचा दाब नाही. यापूर्वी २०१७ साली केलेले मृत्युपत्र मी रद्द करीत आहे, आणि ते रद्द करताना मला जेवढे बरे वाटले तेवढे ते करताना वाटले नव्हते. कारण पुढे येईल.

रचनाताईंनी याची इंग्रजी प्रत केली आहे. दोन्हींत फरक निघाल्यास घरादारापुरती इंग्रजी प्रत खरी धरावी. माणसांपुरती ही.

१. माझे राहते घर आणि बँकेत जे काही शिल्लक असेल ते माझी मुलगी आसावरी हिला द्यावे. ती रीडिंग शहरात राहते. हे मृत्युपत्र अमलात आणण्याची जबाबदारीही तिचीच. वरच्या मजल्यावरची खिडकी उघडताना आधी थोडी उचलावी लागते. हे घर विकत घेणाऱ्याला प्रामाणिकपणे सांगावे.

२. माझी पत्नी शांताबाई हिचे शिवणयंत्र आसावरीकडेच जावे. शांता नर्स म्हणून या देशात आली आणि मी तिच्या मागोमाग. लोक विचारत, "तुम्हाला कोणी बोलावलं?" मी सांगायचो, "बायकोने." मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. ती जाऊन नऊ वर्षे झाली.

३. अॅल्युमिनियमची शिडी पुतण्या सुश्रुत याला देत आहे. त्याने ती २०११ साली एका दुपारपुरती नेली होती. त्याला आता परत आणण्याची काळजी नको.

४. माझी पुस्तके इथल्या बुद्धविहाराला द्यावीत. बाबासाहेबांच्या खंडांत समासांत पेन्सिलीने लिहिलेले माझे प्रश्न आहेत. मी सातवीपर्यंत शिकलो, पुढचे सगळे या खंडांतून आणि हॉस्पिटलच्या जेवणाच्या सुट्टीत. प्रश्न खोडू नयेत. कोणाला उत्तरे माहीत असतील तर खाली लिहावीत.

५. आता मुख्य गोष्ट. माझ्याकडे सोळा मिलिमीटरचा एक प्रोजेक्टर आणि पत्र्याच्या डब्यात एक फिल्म आहे. ती १९८१ साली मी जुन्या बाजारातून उचलली. मेक्सिकोची, काळीपांढरी, विनोदी. तिच्यात एक हडकुळा पाववाला डोक्यावर भली मोठी टोपली घेऊन सायकल चालवतो आणि भेटेल त्याच्याशी हुज्जत घालतो. त्या देशात हा नट घराघरांत लाडका होता म्हणतात. त्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. उच्चार चुकला तर नात हसेल.

त्या काळी आपल्या लोकांना इथे हॉल नव्हता. महिन्याच्या एका रविवारी माझ्याच पुढच्या खोलीत तीसेक माणसे दाटीवाटीने बसत. वंदना व्हायची, एखादे भाषण व्हायचे, आणि मुले कंटाळून सोफ्याचे स्प्रिंग मोजायची. म्हणून भाषणानंतर मी भिंतीवर ही फिल्म लावू लागलो. फिल्म स्पॅनिश, खाली एक अक्षर नाही. मुले विचारू लागली, "काका, तो काय म्हणतो?" मी सांगू लागलो. कोणीतरी विचारले, तुम्हाला स्पॅनिश कसे येते? मी म्हणालो, वॉर्डातल्या एका स्पॅनिश नर्सकडून शिकलो.

अशी नर्स नव्हती. मला स्पॅनिश येत नाही. कधीच येत नव्हते. पाववाल्याचे प्रत्येक वाक्य मी उभ्याउभ्या रचलेले आहे.

शेवटी कोर्टाचा प्रसंग येतो. पाववाला न्यायाधीशापुढे दहा मिनिटे बोलतो आणि न्यायाधीशाची मान खाली जाते. मी सांगायचो, तो म्हणतो आहे, "साहेब, माझा पाव तुमच्या टेबलावर चालतो, मग मी पायरीवर का?" आणि न्यायाधीश शरमेने मान खाली घालतो. मुले सोफ्याचे स्प्रिंग विसरायची. शांतासुद्धा पदर डोळ्याला लावायची. मग खरे सांगायचे कसे?

६. विलास मेश्राम याच्याविषयी. विलास माझा नागपूरच्या शाळेपासूनचा मित्र, इथे बस चालवायचा. १९९३ साली फिल्म संपल्यावर सगळ्यांसमोर तो म्हणाला, "शशिधर, मागच्या महिन्यात हा कोर्टात हरला होता. आज जिंकला. रीळ तर तेच आहे ना बे?"

खरे होते. मान घातलेला न्यायाधीश पुढे काय निकाल देतो ते मी मनाला येईल तसे सांगायचो. त्या आठवड्यात शांताला वॉर्डप्रमुख सिस्टरची बढती मिळाली होती, मी खुशीत होतो, म्हणून मी पाववाल्याला जिंकवले. हसून तसे सांगितले असते तर विषय तिथेच संपला असता. मी म्हणालो, "सातवी नापास माणसाला स्पॅनिशमधलं काय कळणार?"

आम्ही दोघे एका बाकावर शिकलो. तो नापास झाला ते वडील वारले म्हणून, परीक्षेच्या आठवड्यात. हे त्या खोलीत फक्त मला माहीत होते. विलासने खिरीची वाटी खाली ठेवली, कोट घेतला आणि गेला. ज्या खोलीत आम्ही शिक्षणावर भाषणे करत होतो, त्याच खोलीत मी हे बोललो. तो पुन्हा आला नाही, मी बोलावले नाही. उलट २०१७ च्या मृत्युपत्रात लिहून ठेवले की विलासला माझ्या अंत्यविधीला येऊ देऊ नये. ते वाक्य रद्द. पहिले तेच रद्द.

७. माझ्या नातीचे नाव पूर्वी; ती एडिनबराला स्पॅनिश शिकली. तेव्हापासून मी प्रोजेक्टर बिघडल्याचे सांगत होतो. या नाताळात तिने माझा हात धरून सांगितले, "आजोबा, मी तो फिल्म बघितला. दोन वर्ष आधी. ऑनलाइन आहे."

मी विचारले, "मग बोलली का नाहीस?"

"तुमचा वाला जास्त चांगला आहे. खऱ्यामध्ये तो कोर्टात फक्त एक कोंबडी विषयी बोलतो. टेन मिनिट्स. जज झोपून जातो."

मी इतका हसलो की शेजारचा राकेश विचारायला आला. त्रेचाळीस वर्षांचे ओझे एका कोंबडीने उतरवले. दुसऱ्या दिवशी मी विलासला फोन लावला. तो ओल्डहॅमला असतो, ट्रामने पाऊण तास.

"मी शशिधर."

"कोण शशिधर? स्पॅनिश येणारा एक होता."

"मला स्पॅनिश येत नाही, विलास."

मग म्हणाला, "हे सांगायले एकतीस वर्षं लागली बे तुले?"

"सातवीवरून बोललो ते जास्त वाईट होतं."

"हाव," तो म्हणाला. "ते जास्त वाईट होतं." आणि मग, "गुडघे दुखतात म्हणे तुझे?"

८. फिल्म आणि प्रोजेक्टर विलासला द्यावे असे मी ठरवले होते. ते सांगायला त्याला घरी बोलावले. तो म्हणाला, "मले डबा नाही पाहिजे. या मृत्युपत्रावर साक्षीदार कोण आहे?" मी म्हणालो, राकेश आणि लायब्ररीतल्या एक बाई. "बाईले राहू दे. मी करतो सही."

तिथेच बसलेल्या रचनाताईंनी त्याला समजावले, "काका, इथला कायदा असा आहे की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. तुम्ही सही केली तर डबा गेला."

"जाऊ द्या. हा खरं बोलला याचा साक्षीदार दुसरा कोणी झालेला मले चालणार नाही."

म्हणून फिल्म आणि प्रोजेक्टर पूर्वीला देत आहे.

९. माझ्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे मी गेल्यावरच्या स्मरणविधीला, लांब भाषणे नकोत. वंदना झाली की पूर्वीने भिंतीवर फिल्म लावावी, आवाज बंद ठेवून. मराठी विलासने सांगावी. पाववाल्याला जिंकवायचे की हरवायचे, कोंबडी ठेवायची की काढायची, हे सर्वस्वी त्याच्या मर्जीवर सोडतो. मधे कोणी टोकू नये.

एवढेच. मन मोकळे झाले आहे, आणि आज बऱ्याच दिवसांनी दुपारी झोप लागेल असे वाटते.

स्थळ: मँचेस्टर, माझी पुढची खोली
दिनांक: १८ जानेवारी २०२५
सही: शशिधर तु. रामटेके

साक्षीदार पहिला: राकेश ढोके, शेजारी. शशिधरकाकांनी सही आमच्या दोघांसमोर केली.

साक्षीदार दुसरा: विलास मेश्राम, निवृत्त बस ड्रायव्हर. सही माझ्यासमोर झाली. वरचे सगळे वाचले, खरे आहे. कोर्टात पाववाला काय बोलेल ते मी अजून ठरवले नाही. मला वेळ लागेल. शशिधरने घाई करू नये.