गुडघ्याचं कुणी सांगितलं

२ जुलै

नवा मॅनेजर आला! आल्या आल्या जुन्या सरांच्या खोलीतला सोफा बाहेर काढला — कचऱ्याच्या डब्यांशेजारी. त्या सोफ्यावर बसून मी या क्लबाच्या करारांवर सह्या केल्या आहेत. आता तिथे मांजर झोपलंय.

सगळ्यांना मैदानात गोल उभं केलं आणि म्हणाला, "इथे कुणाचीही जागा ठरलेली नाही. कर्णधाराचीसुद्धा." बोलला सगळ्यांना, बघितलं माझ्याकडे. डावऱ्याने मला कोपराने ढोसलं. "लेका, बोहनी तुझ्यापासूनच दिसतेय!" मला हसू फुटलं. नऊ हंगाम हा माझ्या डाव्या हाताला खेळतोय आणि दौऱ्यावर शेजारच्या कॉटवर घोरतोय. तो आहे तोवर मला मागच्या फळीत कसली धास्ती? मॅनेजर येतात आणि जातात.

४ जुलै

नुसती पळापळ. शिट्टी वाजली की पळायचं, परत वाजली की परत पळायचं. दोघे ओकले. मी ओकलो नाही, पण उजवा गुडघा टम्म फुगला.

सरावाआधी डावऱ्याने नेहमीसारखी संडासात दार लावून पट्टी बांधून दिली होती. वर लांब मोजा. फिजिओला पत्ता नाही. आम्ही दोघं एकाच संडासातून बाहेर पडतो यावर गोलरक्षकाचे विनोद ठरलेले. करू दे बापडा. गुडघ्याचं बाहेर पडलं तर करार गेला, आणि या वयात दुसरं कोण मला दारात उभं करणार?

घरी आलो तर हिने न विचारता गरम पाण्याची पिशवी पुढे ठेवली. बोलली काही नाही. न बोलण्यात हिचा हात कुणी धरणार नाही.

५ जुलै

चौघांना नारळ! हंगाम सुरूसुद्धा झाला नाही अजून. त्यात आमचा टकलू — मधल्या फळीतला, ज्याच्या लग्नात अख्खा संघ नाचला होता. लॉकर रिकामा करून किल्ली माझ्या हातात दिली त्याने, जणू मीच घरमालक. "फोन कर," एवढंच म्हणालो. कर्णधार म्हणून दुसरं काही सुचायला हवं होतं.

८ जुलै

एक उंट आणलाय. मॅनेजरच्या आधीच्या क्लबातला. नाव आहे काहीतरी, पण पहिल्या दिवसापासून सगळे उंटच म्हणताहेत. नेमका माझ्या जागेवर खेळतो. हेडर मारायला मेल्याला उडीसुद्धा मारावी लागत नाही. वर सभ्य आहे! मला दादा म्हणतो. "दादा, आपल्याकडे कॉर्नरला मी कुठे थांबू?" सांगितलं. अगदी बरोबर सांगितलं. माझ्यासारखा मूर्ख मीच.

९ जुलै

हादरलोय.

सराव संपल्यावर मॅनेजरने मला एकट्याला थांबवलं. "उजवा गुडघा काय म्हणतो?"

"कुठला उजवा गुडघा?" मी म्हणालो. काय पण उत्तर! माणसाला उजवे गुडघे असतात तरी किती?

तो हसला नाही. "पाणी काढलंस ना त्यातलं? परत भरलं का?"

ते पाणी मी शहराबाहेरच्या डॉक्टरकडे जाऊन काढलं, डोळ्यांवर टोपी ओढून, चोरासारखं. गाडी डावऱ्याने चालवली होती. क्लबात ही गोष्ट त्याच्याशिवाय कुणालाही माहीत नाही.

नाही, डावऱ्या असं करणार नाही.

१० जुलै

केलं!

मॅनेजरच्या खोलीतून बाहेर पडताना त्याला मी या डोळ्यांनी पाहिलं. दार ओढून घेत होता, चेहरा हसरा. "काय रे, काय खलबतं?" मी विचारलं. "तुझ्याबद्दलच बोलत होतो," म्हणाला. तोंड वर करून! त्याचाही करार यंदा संपतोय. माझा बळी दिला की याची जागा पक्की. आणि याच माणसाच्या खांद्यावर बसून "काका, काका" करत माझ्या पोरीने घर डोक्यावर घेतलंय.

संध्याकाळी हिला सांगितलं — डावऱ्याने केसाने गळा कापला माझा. ही भांडी पुसत होती. "खात्री आहे तुझी?" म्हणाली. "दुसरं आहे कोण?" म्हटलं. मग हिने पुसलेलंच ताट परत पुसायला घेतलं.

११ जुलै

पट्टी माझी मी बांधली. वेडीवाकडी झाली. बाहेरून डावऱ्या टकटक करत होता — "अरे, उघड की! झोपलास का आत?" उघडलं नाही.

१४ जुलै

सराव सामना. बरा चालला होता. मग एक उंच चेंडू आला, माझ्या आणि डावऱ्याच्या बरोबर मधे. तो ओरडला, "सोड, माझा!" इतक्या वर्षांत ही हाक आली की मी मागे वळूनसुद्धा बघत नाही, सरळ बाजूला होतो. आज झालो नाही. मनात म्हटलं, तुझं कशावरून खरं? दोघांची टाळकी एकमेकांवर आपटली, चेंडू निसटला, गोल.

डावऱ्या कपाळ चोळत माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही. न समजल्यासारखा.

१५ जुलै

मॅनेजरने खोलीत बोलावलं. "तुला मी ठेवतोय," म्हणाला. "गुडघा जपून वापरू. पोरं तुझं ऐकतात." जीव भांड्यात पडला. मग म्हणाला, "डावऱ्याबद्दल माझं अजून ठरत नाही. गोड बोलतो, पण खरं किती बोलतो कळत नाही. कालचा गोल कुणाच्या खात्यात घालू? तू त्याला ओळखतोस. त्याचं लक्ष राहिलंय का खेळात?"

मी म्हणालो, "नाही राहिलं, सर. हल्ली हाकसुद्धा देत नाही."

हाक त्याने दिली होती. साऱ्या मैदानाला ऐकू गेली असेल. फक्त मॅनेजर पलीकडच्या टोकाला होता, म्हणून खपलं.

वाईट वाटलं? अजिबात नाही. फिट्टंफाट!

१७ जुलै

डावऱ्याला नारळ.

पिशवी खांद्याला लावून माझ्यापाशी आला. बाकीचे उगाच बुटांत डोकं घालून बसले. "माझ्याशी बोलायचं नाहीये तुला. का ते तुझं तुला ठाऊक," म्हणाला. "पण पट्टी आतून बाहेरच्या बाजूला घे रे. उलटी गुंडाळतोयस. चालण्यावरून कळतंय." शेवटपर्यंत नाटक! मी मान वर केली नाही. बांधलेल्या नाड्या सोडल्या आणि पुन्हा बांधल्या.

त्याच्या बायकोचा हिला फोन आला. दोघं डावऱ्याच्या भावाकडे निघालेत. भावाचं टायरचं दुकान आहे, तिथे बसणार म्हणे. टायरच्या दुकानात डावऱ्या! फोनवर आमची हीच जास्त रडत होती. एवढं रडायला काय झालं होतं कोण जाणे.

१९ जुलै

कर्णधाराचा पट्टा उंटाला.

सगळ्यांसमोर. मला आधी एका शब्दाने विचारलं नाही. "पोरं तुझं ऐकतात" म्हणणारा हाच तो! मी आता "मार्गदर्शक". म्हणजे बाकावर बसायचं आणि टाळ्या वाजवायच्या. उंट नंतर जवळ आला. "दादा, खरंच मला नको होता." खरं बोलत होता, त्यामुळे जास्तच डोकं फिरलं.

सगळे एका माळेचे मणी. ज्या क्लबासाठी गुडघा झिजवला तोही, ज्याला भाऊ मानला तोही. एकाला तरी माझी चाड असावी! माझ्या पाठीवर वार करायला जणू रांग लागली आहे. घरी येऊन हिला म्हणालो, "तू तेवढी एक माझी राहिलीस बघ." ही उठून आत गेली. जेवायलाही आली नाही.

२० जुलै

सकाळी ही समोर येऊन बसली. "गुडघ्याचं मी सांगितलं," म्हणाली. "मॅनेजर आले त्याच आठवड्यात फोन केला त्यांना. म्हटलं, ह्याला आवरा, मला चाळिशीत काठी टेकणारा नवरा नकोय. तू डावऱ्या भावोजींवर संशय घेतलास तेव्हाच बोलायला हवं होतं. वाटलं, रुसवा आहे, चार दिवसांत जुळेल."

"मग तो आत जाऊन काय बोलला?"

"त्यांची बायको फोनवर म्हणाली, मॅनेजरनी विचारलं तेव्हा भावोजी शपथ घेऊन सांगून आले — ह्याच्या गुडघ्याला काही झालेलं नाही, ती बायको उगाच घाबरते."

डावऱ्याला फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला. "बोल, कप्तान!" म्हणाला. किती आनंदाने म्हणाला!

मी मॅनेजरला काय सांगितलं, ते त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.