जिन्यात बसलेल्या पाहुण्याबाबत

प्रति,
मा. संचालक साहेब,
ऐतिहासिक वास्तू व स्मारके विभाग,
दुसरा मजला (लिफ्ट चालू आहे, आनंद आहे).

विषय : राहत्या घराच्या जिन्याला कठडे बसवून पायऱ्या रुंद करण्याची परवानगी मिळणेबाबत, सदर जिन्यावरून आंतरराष्ट्रीय साम्यवादी प्रभाव वर गेला किंवा कसे, याचा निकाल लागेपर्यंत न थांबता.

संदर्भ : १) 'जिन्यास हात लावू नये' ही आपल्या विभागाने भिंतीस डकवलेली नोटीस. २) अर्जदाराचे मागील अर्ज, ज्यांची पोच आहे, उत्तर नाही.

महोदय,

१. अर्जदार हा एका प्रादेशिक पक्षाचा माजी कार्यालय चिटणीस आहे. पक्ष आता नाही. तो आधी फुटला, मग निम्मा एका मोठ्या पक्षात विरघळला आणि उरलेल्या निम्म्यातली माणसे एकेक करून गेली. पक्षाची कचेरी होती त्याच वरच्या दोन खोल्यांत अर्जदार पत्नीसह राहतो. खाली इस्त्रीवाल्याचे दुकान आहे. वर येण्यास लाकडी जिना एकच, आणि तो असा अरुंद की समोरून कोणी आले तर एकाने माघार घ्यावी लागते.

२. अर्जदाराची पत्नी न्हाणीघरात पाय घसरून पडली व तिचे खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाल्यावर इस्त्रीवाला, त्याचा भाऊ आणि दोन हमाल अशा चौघांनी तिला खुर्चीत बसवून वर आणले. आता ती काठी घेऊन घरभर फिरते व अर्जदाराच्या चुका काढते, म्हणजे प्रकृती सुधारत आहे. डॉक्टरांचे म्हणणे, दोन्ही बाजूंना कठडा आणि पायऱ्या जरा ऐसपैस असतील तर ती स्वतः खाली उतरू शकेल. अर्जदाराने सुतार बोलावला, लाकूड आणले, आणि त्याच दुपारी आपली नोटीस लागली. लाकूड जिन्याखाली पडून आहे. त्यावर इस्त्रीवाला कपड्यांचे गठ्ठे ठेवतो.

३. नोटिशीचे कारण विचारता कळले की जिना हा 'प्राथमिक पुरावा' आहे. खुलासा असा. सदर पक्षाचे धोरण निवडणुकीवर बहिष्काराचे होते. एका दिवसात ते बदलून पक्षाने निवडणूक लढवायचे ठरवले, आणि नेमक्या त्याच दिवशी परदेशातल्या बंधुपक्षाचा एक पाहुणा कचेरीत आला होता. एवढ्या भांडवलावर दोन विद्वान गेली कित्येक वर्षे जाडजूड ग्रंथ लिहीत आहेत. थोरले प्राध्यापक म्हणतात, धोरण बाहेरून आले, पाहुण्याने हुकूम दिला आणि पक्षाने मान तुकवली. धाकटे प्राध्यापक हे थोरल्यांचेच शिष्य, पण आता दोघे एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. ते म्हणतात, धोरण इथल्या मातीतून उगवले, पाहुणा आला काय अन् न आला काय. दोघांचे भांडण आणि आमच्या घराला टाळे, अशी गत झाली आहे.

४. वस्तुतः काय घडले ते अर्जदाराने डोळ्यांनी पाहिले आहे. पक्षाचा नियम होता की ठराव एकमतानेच व्हावा. बहुमत ही भांडवलदारांची खोड. कोणाचा विरोध असला तर तो 'जरा खाली जाऊन येतो' म्हणे आणि परत येत नसे. त्याच्या माघारी ठराव करणे अध्यक्षांना सभ्यपणाचे वाटत नसे. त्यामुळे बैठक तहकूब होई. पक्षाचे कितीतरी ठराव असे जिना उतरून गेले.

५. त्या दिवशी विरोध एकटीचा होता, तो अर्जदाराच्या पत्नीचा. तिने दारोदार हिंडून लोकांना मत देऊ नका म्हणून सांगितले होते. त्याच दारांवर आता कोणत्या तोंडाने जाऊ, असे तिचे म्हणणे होते, व ते खरेच होते. बोलून थकल्यावर ती रीतीप्रमाणे खाली जाण्यास उठली. पण जिन्यात पाहुणा होता. गृहस्थ भरघोस देहाचा. निम्म्या पायऱ्या चढून त्याला धाप लागली म्हणून तो टेकला, आणि तिथेच भिंतीला डोके लावून झोपी गेला. दुभाष्या खाली रस्त्यावर सिगारेट ओढत होता. पाहुण्याला ओलांडून जाणे शक्य नव्हते, आणि आंतरराष्ट्रीय पाहुण्याला हलवून उठवण्याची छाती कोणाची होईना.

६. संडास त्या काळी खाली परसात होता, हे साहेबांनी कृपया ध्यानात घ्यावे. पत्नीने बराच वेळ कळ सोसली. मग अध्यक्षांना सांगितले की पाहुण्याला उठवा. अध्यक्षांनी विचार करून निर्णय दिला की ठराव झाल्याची वार्ता देण्यासाठी पाहुण्यास उठवणे नियमात बसते. एका सभासद बाईला खाली जायचे आहे यासाठी बसत नाही. तेव्हा तिने हात वर केला. ठराव एकमताने मंजूर झाला, घोषणा देऊन पाहुण्यास जागे करण्यात आले, आणि पत्नी सर्वांच्या आधी खाली गेली. पाहुण्याने ठरावाबद्दल चकार शब्द काढला नाही. त्याने पाणी मागितले. पुढे पत्नी त्याच दारांवर मते मागायला गेली, लोकांनी तोंडावर दारे लावली, आणि पक्षाच्या झाडून सगळ्या उमेदवारांची अनामत जप्त झाली. ती त्या दिवसाबद्दल अजून हसत नाही. अर्जदार एकदाच हसला होता.

७. ही हकिगत अर्जदाराने दोन्ही प्राध्यापकांना सांगितली. थोरल्यांनी मांडीवर थाप मारली व म्हणाले, "म्हणजे वाट अडवली. हुकूमच की हो हा. त्याला शब्द कशाला लागतात?" धाकट्यांनी तेच ऐकून तितक्याच आनंदाने लिहून घेतले की पाहुणा वर पोचलाच नाही, सबब निर्णय स्वतंत्र. एकाच झोपेतून दोन ग्रंथांच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. बाईची अडचण दोन्हींत नाही. थोरले म्हणाले, ती कारणांच्या पातळीवर बसत नाही.

८. त्यावर आपल्या विभागाने तज्ज्ञ समिती नेमली. समितीने येऊन प्रभाव नेमका कोणत्या पायरीपर्यंत पोचला तिथे खडूने खूण केली. मग प्रयोग म्हणून आपल्याच कार्यालयातील धष्टपुष्ट हेडक्लार्क साहेबांना त्या पायरीवर बसवले आणि सदस्य एकेक करून बाजूने जाण्याचा प्रयत्न करू लागले. एक सदस्य मध्येच अडकले. हेडक्लार्क साहेबांचा डोळा लागला. औषध घेऊन आलेला दुकानदार खालीच ताटकळला. पत्नीने वरून विचारले, "अहो, हा तरी उठणार आहे का?" समितीने हा प्रश्न नोंदवून घेतला.

९. आता समितीला पत्नीची साक्ष हवी आहे, कारण त्या बैठकीत विरोध करणारी ती एकटीच, आणि ती हयात आहे. समिती पुन्हा वर येण्यास तयार आहे. पत्नी तयार नाही. तिचे शब्द जसेच्या तसे देतो : "साक्ष देईन, पण खाली, रस्त्यावर खुर्ची टाकून. आणि खाली मी माझ्या पायांनी येणार. चौघांनी उचलून आणलंय एकदा. पुढच्या वेळी चौघं उचलतील तेव्हा साक्षीचा काही उपयोग नाही."

१०. हे ऐकून अर्जदार लगेच लिहायला बसला, तोच हा अर्ज. पहिल्या वेळी ती पाहुण्यामुळे वर अडकली, या वेळी पाहुण्याच्या अभ्यासकांमुळे. जिना काढल्यावर जुन्या पायऱ्या विभागाने खुशाल न्याव्यात, काचेत ठेवाव्यात, प्राध्यापकांनी निम्म्या निम्म्या वाटून घ्याव्यात. अर्जदाराची हरकत नाही. फक्त परवानगी त्वरेने मिळावी, ही हात जोडून विनंती.

आपला नम्र,
आणि वर अडकलेल्या बाईचा नवरा,
माजी कार्यालय चिटणीस

स्थळ : वरची खोली
दिनांक : ४ मार्च

सोबत :
१) डॉक्टरांचे प्रमाणपत्र.
२) सुताराने काढलेला कठड्याचा नकाशा.
३) पत्नीचे भिन्न मत. आमच्या घरीही ठराव एकमतानेच होतात, आणि हा अर्ज तिला वाचून दाखवला असता एकमत झाले नाही, म्हणून तिच्या अक्षरात जोडत आहे :

"साहेब, ह्यांच्या अर्जात शेवटी विनंती आहे, त्याला माझा विरोध आहे. खाली जाता यावं म्हणून मी एकदा हात वर केला होता, आणि त्याचं काय झालं ते वर लिहिलंच आहे. आता करणार नाही. सुताराला सोमवारी सकाळी बोलावलंय. तुमची परवानगी त्याच्या आधी आली तर कठड्याला लावून ठेवू. नाही आली तर खाली या, मी खुर्चीवर बसलेली असेन."