कुलूपवाल्याचं खातं कुलूपबंद

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (दोन वर्षांचे साचलेले एकदम घालतो आहे, कमी भरले तर कळव.) तुझे गुडघे कसे आहेत? वहिनींचा खोकला थांबला का? तुमची खबरबात मला इकडून तिकडून मिळत असते, पण ती सांगणारे सगळे तिखटमीठ लावून सांगतात, म्हणून थेट विचारतो. आपला अबोला आहे हे माझ्या लक्षात आहे. फोनच करणार होतो, पण फोनवर आधी कोणी बोलायचं इथूनच भांडण सुरू झालं असतं. पत्रात तो घोळ नाही, एकानेच बोलायचं असतं.

तर मी सध्या एका स्टेशनच्या प्रतीक्षालयात, डुगडुगणाऱ्या बाकावर बसून हे लिहितो आहे. पोरीकडे निघालोय. पुढच्या रविवारी तिच्या कुलपांच्या दुकानाचं उद्घाटन आहे, हे तुला माहीत असणारच, कारण तिने आधी तुला कळवलं आणि मग मला. (याचं मला वाईट वाटलं नाही. म्हणजे वाटलं, पण एकच दिवस.) इथे गाडी बदलायची आहे. पुढच्या गाडीचं तिकीट तिने माझ्या मेलवर पाठवलंय, आणि माझ्या मोबाईलची रेंज या स्टेशनात यायचं नावच घेत नाही. म्हणजे तिकीट बघायचं तर स्टेशनच्या फुकट वायफायवर जायला हवं. गाडीला दोन तास आहेत. ती चुकली तर पुढची परवा, आणि तोवर पोरगी सगळ्या नातेवाइकांना सांगणार, की बाबांना एकटं सोडायला नको होतं.

तिने तशी पूर्वतयारी करून घेतली होती. सार्वजनिक वायफाय म्हणजे चोरांची जत्रा, असं बजावून तिने मला नियम लिहून घ्यायला लावले. ते मी एका पाकिटाच्या पाठीवर लिहिले. पहिला नियम, नाव कर्मचाऱ्याला विचारून खात्री करून घ्यायची, कारण भामटे तसल्याच नावाचं खोटं वायफाय लावून बसतात. हे मला लगेच पटलं. आपल्या धंद्यात बनावट किल्ली हीच तर खरी भानगड. मोबाईल उघडला तर समोर तीन नावं: ‘स्टेशन फ्री’, ‘स्टेशन फ्री दोन’ आणि ‘स्टेशन फ्री खरं’. आता तूच सांग, चाळीस वर्षं किल्ल्या घासलेला माणूस ‘खरं’ असं लिहिलेल्यावर विश्वास ठेवेल का? मी चौकशीच्या खिडकीत गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, पाटीवर लिहिलंय. पाटी कुठे, तर चहाच्या यंत्रामागे. चहावाला म्हणाला, यंत्र हलवता येणार नाही, हललं की गळतं. मग मी भिंतीला गाल लावून, एक डोळा मिटून, कुलपाच्या भोकातून बघतात तसं वाचलं. पाटीवर ‘स्टेशन फ्री’ होतं. (चहावाल्याने मला ताप आलाय समजून फुकट आलं घातलं. बरा माणूस.)

दुसरा नियम, कोणाला मोबाईलचा पडदा दिसू द्यायचा नाही. म्हणून मी डोक्यावरून शाल घेतली आणि तिच्या आत मोबाईल धरला. शेजारच्या बाईंनी आपली पिशवी उचलून लांब नेली. तिसरा नियम सगळ्यात महत्त्वाचा. पोरीने मोबाईलमध्ये एक निळं चिन्ह बसवून दिलंय. ते दाबलं, की म्हणे आपलं सगळं एका बोगद्यातून जातं आणि चोराला काही दिसत नाही. बोगद्याचं दुसरं तोंड कुठे निघतं ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. दाबलं. शालीत निळा उजेड पडला. फार सुरक्षित वाटलं.

मग मेल उघडायला गेलो, तर आत जायच्या आधीच मोबाईलने मला हटकलं. कुठल्याशा बर्फाच्या देशातून कोणीतरी आत्ता तुमचं खातं उघडू पाहतंय. ते तुम्हीच आहात का? खाली दोन बटणं, ‘हो, मीच’ आणि ‘नाही’. दादा, मला घाम फुटला. मी त्या देशात उभ्या जन्मात गेलेलो नाही. मी चहाच्या यंत्रापासून पाच पावलांवर, शालीत होतो. खोटं बोलायचा प्रश्नच नव्हता. मी ‘नाही’ दाबलं. दोनदा दाबलं, जोर देऊन. मोबाईलने माझे आभार मानले, तुमच्या दक्षतेमुळे खातं वाचलं असं सांगितलं आणि खातं कुलूपबंद केलं.

मी पाच मिनिटं खुशीत होतो. शाल काढून त्या पिशवीवाल्या बाईंना चोर कसा पकडला ते सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, आणि तुमचं तिकीट कुठे आहे?

तेव्हापासून डोकं चालेनासं झालंय. माझ्या बोगद्याचं दुसरं तोंड त्या बर्फाच्या देशात निघत होतं, म्हणजे चोर मीच आणि पकडला मीच, हे त्या बाईंनी मला तीन वेळा समजावलं. तिसऱ्यांदा समजलं, आता पुन्हा गेलं. आयुष्यभर लोकांची दारं उघडून दिली, आणि आज स्वतःच्याच दाराबाहेर उभा आहे. तू असतास तर हसला असतास. तू गिऱ्हाइकासमोर म्हणाला होतास ना, ‘हा कुलूप उघडत नाही, हातोड्याने फोडतो’? त्या एका वाक्यावर मी आपल्या दुकानात यायचा बंद झालो. हातोडा मी एकदाच वापरला होता, तोही हळू. पण आज या मोबाईलकडे बघताना हात शिवशिवले, हे तुझ्याजवळ कबूल करतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. मुख्य काम लिहायचं राहिलंच. खातं उघडायला एक सहा आकडी संकेत लागतो. तो तुझ्या फोनवर आला असेल, कारण खातं तूच काढून दिलं होतंस आणि नंबर तुझाच घातला होतास. तेवढा उलट टपाली कळव. तो दहाच मिनिटं चालतो म्हणे, तेव्हा नेहमीसारखी चालढकल करू नकोस.

ता. क. २. संकेत पाठवू नकोस. त्या पिशवीवाल्या बाईंनी दुसरा मार्ग दाखवला, जुन्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा. प्रश्न होता, ‘तुमचा सगळ्यात जवळचा मित्र?’ हिचं नाव घातलं, चूक. पोरीचं घातलं, चूक. शेवटची संधी उरली तेव्हा चिडून तुझं लहानपणचं नाव घातलं, ‘खिट्टी’. उघडलं. तिकीट मिळालं, गाडीही मिळाली. (हे उत्तर कोणाला सांगायचं नसतं. तू सोडून.)

ता. क. ३. हे पत्र खिशातच राहिलं, आता पोरीच्या गावातून टाकतो आहे. तिचं दुकान मागच्या दाराने आत जाऊन बघितलं. छान आहे, छोटं आहे. आपल्या दुकानात दोघांनी आपापली किल्ली फिरवून बघितल्याशिवाय एकही कुलूप गिऱ्हाइकाच्या हाती दिलं नाही, हे ती विसरलेली नाही. शटरला तिने दोन किल्ल्यांचं कुलूप बसवलंय, बँकेच्या लॉकरसारखं. एक किल्ली मला दिली. दुसरी महिन्यापूर्वीच तुला पाठवली, आणि तू अजून काही कळवलं नाहीस, असं ती मान खाली घालून म्हणाली. माझ्या एकट्याच्या किल्लीने ते उघडत नाही. गुपचूप करून बघितलं. रविवारी सकाळी दहाला ये, दादा. हातोडा मी आणलेला नाही.