मल्लेशची नाडी

५ जुलै २००३, शनिवार

शेवटी पाठवलं मलाच. ‘एकात्मिक उपचार : वैद्यकीय अध्यापकांसाठी प्रगत प्रशिक्षण’. नाव केवढं! दर शनिवारी दुपारी, आमच्याच कॉलेजात, लायब्ररीच्या वरच्या हॉलमध्ये. वीस वर्षं मेडिसिन शिकवल्यावर आता चटईवर बसून वात-पित्त-कफ. विभागातून दोघांनी यायचं असा नियम, म्हणून दुसरा खुद्द प्रमुख. मल्लेश. माझा विद्यार्थी. प्लीहा कशी चाचपायची ते मी याची बोटं धरून शिकवलं. मागच्या वर्षी मला डावलून खुर्ची त्याला दिली.

शिकवायला वैद्य सौंदर्या. चंदगडकडच्या. पस्तिशीच्या असतील, आवाज खणखणीत. म्हणाल्या, “दोघादोघांच्या जोड्या. एकानं डॉक्टर व्हायचं, एकानं पेशंट. मग उलट. जोडीत निघेल ते जोडीतच राहील.” माझी जोडी लावली मल्लेशबरोबर. म्हणजे प्रमुखांनी मला विचारायचं, झोप लागते का, पोट साफ होतं का. मुद्दाम केलेलं दिसतंय. कुणी ते कळत नाही, पण मुद्दाम.

१२ जुलै

मल्लेशनं माझी केस घेतली.

“मॅडम, राग येतो का?”

“कुणाचा?”

“सर्वसाधारण विचारतोय.”

“सर्वसाधारण येत नाही.”

त्यानं तसंच लिहून घेतलं. हसला नाही, हे मात्र मान्य करायला हवं.

१९ जुलै

औषधी द्रव्यांची ओळख. डोळे बांधून वास घ्यायचा – ओवा, वेखंड, कापूर, हिंग. माझं वेखंड चुकलं. मल्लेशच्या नाकाशी हिंगाचा खडा धरला. सगळ्या हॉलमध्ये वास सुटलेला. हा म्हणतो, “माती हाय का?” हॉल हसला. कुणीतरी म्हणालं, “सर, घरी फोडणीचं जेवता की उकडलेलं?”

“सर्दी झालीय,” म्हणाला. आवाज तर स्वच्छ होता.

त्याला काहीतरी येत नाही हे बघून मला बरं वाटलं. लिहून ठेवते, कारण लाज वाटली.

२ ऑगस्ट

नाडीपरीक्षा. चेष्टा करायच्या तयारीनंच गेले होते.

पुरुषाचा उजवा हात घ्यायचा. तीन बोटं, डोळे मिटलेले, आणि सौंदर्या सांगतील तोवर सोडायचं नाही. वॉर्डात आम्ही पंधरा सेकंद मोजतो, चारानं गुणतो, पुढचा बेड. इतका वेळ मी कुणाचा हात कित्येक वर्षांत धरलेला नाही.

वात कळला नाही, पित्त कळलं नाही. पण नाडीच्या जोडीला दुसरंच काहीतरी होतं. त्याचा अंगठा माझ्या तळव्याला बारीक घासत होता. थांबायचा, परत सुरू. सोडताना मी त्याचं मनगट सहज फिरवल्यासारखं केलं. सरळ फिरलं नाही. दातेरी चाकासारखं अडखळत फिरलं.

मग एकेक जुळत गेलं. हिंगाचा वास – घ्राण आधी जातं. कॉरिडॉरमधून चालताना उजवा हात हलत नाही; मी त्याला साहेबी चाल म्हणत होते. माझी केस लिहिताना अक्षर ओळीच्या शेवटी मुंगीएवढं झालं होतं.

पार्किन्सन. चाळिशीत.

“काय सापडलं, मॅडम?”

“कफ,” मी म्हटलं.

“एवढंच?”

“एवढंच.”

३ ऑगस्ट

बोलायला हवं होतं. का नाही बोलले?

पोटाच्या, अन्ननलिकेच्या दुर्बिणी सगळ्या तोच करतो. त्याच उजव्या हातानं. तो थांबला तर पुढचं नाव माझं. मी खुर्चीसाठी अर्ज केला होता हे अख्ख्या कॉलेजला ठाऊक आहे. मी तोंड उघडलं की सगळे म्हणतील, बाईंनी बरोबर वेळ साधली. म्हणू देत. पण मी स्वतः काय म्हणणार? हे मला पेशंटसाठी सांगायचंय की खुर्चीसाठी? प्रामाणिकपणे सांगते – माहीत नाही. आणि ते नक्की होत नाही तोवर बोलायचा मला हक्क आहे का?

जेवताना यांना नाव न घेता विचारलं. हे म्हणाले, “खरं असंल तर सांग. खुर्ची मिळाली तर बस की. दोन्ही एका वेळी हुतंय.” यांच्या कापडाच्या दुकानात असं सोपं असतं.

पुन्हा एकदा हात बघून खात्री करीन. मग बोलेन.

९ ऑगस्ट

आज आसनं होती. हात बघायला मिळाला नाही. मल्लेशनं सगळ्यांना पेढे वाटले. इतका खुशीत त्याला बरेच दिवसांत पाहिलं नव्हतं.

“कशाचे?”

“असंच, मॅडम. खावा की.”

नवी गाडी असेल. नाहीतर डीननी पाठ थोपटली असेल. अर्धा पेढा खाल्ला, अर्धा कागदात गुंडाळून टाकून दिला.

१६ ऑगस्ट

आजही कुणाला सांगितलं नाही. जोडीतलं जोडीत. नियमही कसा कामाला येतो.

२१ ऑगस्ट, गुरुवार

चाँदबी हुपरीची. घरात पैंजण उजळायचं काम. दोन वर्षांपूर्वी तिनं पाणी समजून बाटलीतलं ॲसिड प्यायलं. तेव्हापासून अन्ननलिका आकसते आणि ती दर दोन-तीन महिन्यांनी रुंद करून घ्यायला येते. दर वेळी मल्लेशच करतो. “भाकरी हितं अडकतीय, डाक्टरीणबाई,” सकाळी मला गळा दाखवत म्हणाली, “साह्यबांनी हात लावला की खाली उतरती.”

आज मल्लेश रुंद करत असताना अन्ननलिका फाटली. सर्जननी छाती उघडली. आयसीयूत आहे.

तिचा मुलगा लालासाब दाराशी उभा होता. “मॅडम, तुमी तरी सांगा की. दर टायमाला संध्याकाळी च्या पिऊन घरला जाती ती. आजच काय झालं?”

“अशा केसमध्ये हे होऊ शकतं. सही घेताना सांगितलं होतं.”

शब्द न् शब्द खरा. चांगल्यातल्या चांगल्या हातांकडूनही होतं. पुस्तकात टक्केवारी आहे. ती मी मुलांना पाठ करून घेते.

“तुमी हाय म्हणून धीर हाय,” तो म्हणाला.

२२ ऑगस्ट

मल्लेशच्या खोलीत गेले. दार लावून घेतलं. हिंग, मनगट, अक्षर, चाल – सगळं सांगितलं. म्हटलं, “आजपासून दुर्बिणीला हात लावायचा नाही. तू डीनना सांग, नाहीतर मी सांगते.”

चिडेल असं वाटलं होतं. मी उत्तरं ठरवून गेले होते. त्यानं उजवा हात टेबलावर ठेवला. आम्ही दोघांनी अंगठ्याकडे पाहिलं.

“कधी कळलं?”

“नाडीच्या दिवशी.”

“त्याच दिवशी?”

“हो.”

त्यानं हात टेबलाखाली घेतला. मग नुसतं “बरं” म्हणाला. मी निघाले तेव्हा उठून उभा राहिला, विद्यार्थी असताना राहायचा तसा.

खुर्चीचं काही बोलला असता तर मला सोपं गेलं असतं.

३० ऑगस्ट

चाँदबी गेली.

६ सप्टेंबर

मल्लेश रजेवर. बंगळूरला दाखवून आला, निदान तेच. प्रभारी प्रमुख म्हणून माझं नाव निघालं. अभिनंदनाला येणारे आवाज खाली करून बोलतात. एकानं विचारलं, “मॅडम, तुमच्या लक्षात कसं आलं?” मी शिकवल्यासारखं सांगत सुटले – नाडी, मनगट, अक्षर. माझाच आवाज ऐकला आणि मध्येच थांबले.

लालासाब अजून मला नमस्कार करतो.

स्वतःला सांगते आहे, उशिरा का होईना, बोलले. दुसऱ्या कुणी तेवढंही केलं नसतं. त्याला सांगणारं दुसरं होतं कोण?

१३ सप्टेंबर

प्रमाणपत्रं वाटली. सौंदर्यांनी मला बाजूला घेतलं. “आता सांगायला हरकत न्हाय. बाकीच्या जोड्या मी चिठ्ठ्या टाकून पाडल्या, तुमची सोडून. सर आधीच येऊन गेलेले. म्हणाले, हाताचं मला काहीतरी वेगळं वाटतंय, तपासायला भीती वाटते. मला मॅडमच द्या. त्यांच्या हातून काही सुटत नाही, आणि असलं तर तोंडावर सांगतील. नाडी झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. लई खूश. मॅडमना कफाशिवाय काही सापडलं नाही म्हणाले, आता मी निवांत.”

पेढे त्या कफाचे होते.