घोळक्याबाहेरचा ठिपका

सोमवार, ४
आज रुजू झाले! ताई सोबत आहे, त्यामुळे नवं गाव परकं वाटत नाही. तिनं आल्याआल्या खिडक्या पुसल्या आणि घरमालकांशी गट्टीही जमवली.
काम सोपं आहे. केंद्रात गावातल्या प्रत्येकाच्या श्वासाची तपासणी होते. पडद्यावर एकेक माणूस म्हणजे एकेक निळा ठिपका. घोळक्यापासून लांब पडलेल्या ठिपक्याभोवती माऊसनं फास टाकायचा, तो निवडला गेला की केशरी होतो, मग 'वगळा' दाबायचं. साहेब म्हणाले, चार चुकार ठिपके सगळा आलेख नासवतात, दयामाया नको. आमचीही तपासणी झाली. ताईनं नळीत अशी जोरात फुंकर मारली की परिचारिकेला हसू आवरेना.

बुधवार, ६
हात बसला. आज एक ठिपका पार तळाशी, एकटाच होता. कर्सर नेल्यावर पत्ता दिसला, आमच्याच घराचा. म्हणजे घरमालक काका. दम्यानं बेजार असतात बिचारे. जिवावर आलं, पण नियम तो नियम. वगळले.
संध्याकाळी जिन्यात त्यांचा खोकला ऐकू आला नाही. मालकीणबाईंना विचारलं, काका बरे आहेत ना? त्या म्हणाल्या, कुठले काका? मी लग्नच केलं नाही, बाई. मला वाटलं, थट्टा करताहेत. पण ताईसुद्धा मला वेड लागलंय अशा नजरेनं माझ्याकडे बघत राहिली.

गुरुवार, ७
वगळलेले परत आणायचं बटण आहे. दहादा दाबलं. काका आले नाहीत. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, आलेख छान झालाय, थांबू नका.

शुक्रवार, ८
माऊसला हात लावला नाही. तरी फास फिरतोय.
शेजारच्या टेबलावर टायपिस्ट बाई बसायच्या. आज तिथे कुंडी आहे. कोणालाच काही वाटत नाही. आता घोळक्यातलेही—

शनिवार, ९
सगळ्यांच्या वरचा एक ठिपका केशरी. पत्ता आमचा. आमच्या घरात एवढी जोरात फुंकर एकीचीच. ताई.
वायर उपटली. पडदा चालूच. फास घट्ट—
दुसऱ्या ठिपक्यावर क्लिक केलं तर पहिला सुटतो. पण दुसरा कोणाचा? कोणाच्या घरातला?
माझा. क्लिक केलं—
ताई निळी झाली. सुटली.

धावत घरी आले. किल्ली कुलपात बसत नाही. पायरीवर बसून लिहितेय. बोटं गार—
दार उघडलं. ताईच! हसली. परक्या माणसाकडे बघून हसतात तशी. म्हणतेय, तुम्हाला कोण ह—